स्पर्धात्मक बोलिंगला प्रेक्षक आणि पैसा परत मिळेल का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बोलिंगचे व्यावसायिक सामने आवडीने बघतो म्हटलं की लोक आधी हसतात आणि मग प्रश्न विचारतात. प्रश्न बहुतेक तेच ते असतात, म्हणून उत्तरं एकदाची इथे लिहून ठेवली आहेत. मतं माझी आहेत. पटली नाहीत तर बिनधास्त भांडा.

कोणतं बोलिंग म्हणायचं तुम्हाला?

टेनपिन. क्रिकेटमधली गोलंदाजी नव्हे, आणि २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत भारताच्या चार महिलांनी सुवर्णपदक जिंकलं तो लॉन बोल्सही नव्हे. फाउल लाइनपासून पहिल्या पिनपर्यंत ६० फूट अंतर, ३९ पट्ट्यांची लेन, समोर त्रिकोणात मांडलेल्या १० पिना आणि हातात जास्तीत जास्त १६ पौंडांचा बॉल. आपल्याकडे मॉलमध्ये वाढदिवसाला खेळतात तोच खेळ. पण त्याची व्यावसायिक स्पर्धा उभी राहिली अमेरिकेत आणि तिची रयाही तिथेच गेली, त्यामुळे या पानावरची बहुतेक चर्चा अमेरिकेचीच आहे.

या खेळाला खरंच कधी मोठा प्रेक्षक होता?

होता, आणि आज सांगूनही खरं वाटू नये इतका होता. ओहायोतल्या ॲक्रन शहरातल्या एडी इलायस नावाच्या वकिलाने १९५८ मध्ये ३३ खेळाडूंना घेऊन व्यावसायिक बोलरांची संघटना काढली. तीच पीबीए. १९६२ पासून एबीसी वाहिनीवर तिचे सामने शनिवारी दुपारी दिसायला लागले आणि १९९७ च्या जूनपर्यंत दिसत राहिले. पस्तीस वर्षं! समालोचक ख्रिस शेंकेल यांचा आवाज अमेरिकेतल्या दोन पिढ्यांना घरातल्या माणसासारखा ओळखीचा झाला.

जाहिरातदारांनाही हा खेळ हवा होता. १९६४ मध्ये एबोनाइट या बॉल बनवणाऱ्या कंपनीने डॉन कार्टर यांच्याशी दहा लाख डॉलरचा करार केला. एवढ्या रकमेचा जाहिरात करार मिळवणारा कोणत्याही खेळातला पहिला खेळाडू म्हणून कार्टर यांचंच नाव घेतलं जातं. गोल्फ नाही, बेसबॉल नाही, बोलिंग. फायरस्टोन ही टायर कंपनी ॲक्रनचीच. तिने टूर्नामेंट ऑफ चॅम्पियन्स ही स्पर्धा वर्षानुवर्षं पोसली. १९६७ मध्ये त्याच स्पर्धेत जॅक बिऑनडोलिलो यांनी टीव्हीवर पहिल्यांदा ३०० गुणांचा, म्हणजे सलग बारा स्ट्राइकचा (पहिल्याच बॉलने दहाही पिना पाडणं म्हणजे स्ट्राइक), निर्दोष गेम टाकला.

मग तो प्रेक्षक गेला कुठे?

नेहमीचं उत्तर असं की लोकांना दुसरी करमणूक मिळाली, केबल आली, व्हिडिओ गेम आले. हे सगळं खरं आहे, पण त्याने फारसा उलगडा होत नाही. गोल्फलाही केबलशी झगडावं लागलंच की.

माझ्या मते खरं कारण लीगमध्ये आहे. टीव्हीवर सामना बघणारा माणूस दर आठवड्याला स्वतः खेळत होता. डेट्रॉइट, मिलवॉकी, बफेलो, सेंट लुइस अशा कारखान्यांच्या शहरांत प्रत्येक खात्याचा, पाळीचा, चर्चचा आपला संघ असे. ठरलेल्या वारी संध्याकाळी लीग, हंगाम तीसेक आठवड्यांचा. १९५० च्या दशकात पिना उभ्या करणारी यंत्रं आल्यावर पिना लावणाऱ्या पोरांवरचं अवलंबून राहणं संपलं आणि रात्रपाळीचे कामगारही सोयीच्या वेळी लीग खेळू लागले. १९७० च्या दशकाच्या अखेरीस पुरुषांच्या आणि महिलांच्या संघटनांचे मिळून सुमारे नव्वद लाख नोंदणीकृत खेळाडू होते. या संघटना पुढे विलीन झाल्या आणि २००५ पासून यूएसबीसी झाल्या. आज तिचे सदस्य साधारण दहा लाखांच्या आसपास आहेत.

कारखाने बंद पडले, नवरा-बायको दोघं नोकरी करू लागले, तीस आठवडे एकच वार मोकळा ठेवणं कुणालाच जमेना. सेंटर चालवणाऱ्यांनाही दिसलं की लीगचा खेळाडू कमी दरात खेळतो आणि बाहेरून आलेला ग्राहक तासाच्या हिशोबाने पैसे मोजतो. शहरातली जागा महागली तशी कित्येक सेंटरं विकलीच गेली.

ज्या माणसाने मंगळवारी स्वतः दहा नंबरची पिन चुकवली, त्यालाच शनिवारी टीव्हीवर तीच पिन पाडताना बघायची ओढ असते. तो माणूस गेला आणि सोबत प्रेक्षक व जाहिरातदार दोघेही गेले. त्यामुळे पैसा वरून ओतून हा खेळ उभा राहणार नाही, खालून लीग उभी राहिली तरच पैसा टिकेल, असं मला वाटतं. पुढची बरीचशी उत्तरं याच मुद्द्याभोवती फिरतात, हे आधीच सांगून ठेवतो.

जिंकणाऱ्याला आज किती मिळतात?

अर्ल अँथनी यांनी १९७५ मध्ये एका हंगामात एक लाख डॉलरहून जास्त कमावले. असं करणारे ते पहिले बोलर. २०२१ मध्ये काइल ट्रूप यांनी सुमारे ४,९७,००० डॉलर कमावून एका हंगामाच्या कमाईचा विक्रम केला. ऐकायला पाचपट वाटतं. पण १९७५ चे एक लाख डॉलर २०२१ च्या भावाने पाच लाखांच्या वर जातात. म्हणजे सेहेचाळीस वर्षांनी झालेला विक्रमही महागाई धरली तर अँथनी यांच्या मागेच राहतो. शिवाय ट्रूप यांच्या त्या रकमेतले अडीच लाख एकट्या प्लेअर्स चॅम्पियनशिपचे होते.

पहिल्या दहा-पंधरा जणांच्या खाली उतरलं की चित्र आणखी विरळ होतं. प्रवेश शुल्क, प्रवास, हॉटेल, बॉल ड्रिल करण्याचा खर्च हे सगळं काढून हातात फार काही राहत नाही. अनेकांची दुसरी नोकरी असते: प्रो शॉप चालवणं, कॉलेजच्या संघाला शिकवणं, बॉल कंपनीचा प्रतिनिधी म्हणून फिरणं. मिशिगनचे टॉम स्मॉलवुड मोटारीच्या कारखान्यातून कामावरून कमी झाले, म्हणून त्यांनी पूर्ण वेळ दौऱ्यावर, म्हणजे पीबीएच्या गावोगावच्या स्पर्धांच्या मालिकेत, उतरण्याची परीक्षा दिली आणि २००९ च्या डिसेंबरात थेट पीबीए वर्ल्ड चॅम्पियनशिप जिंकली. बक्षीस ५०,००० डॉलर. गोष्ट सुंदर आहे. पण जगज्जेतेपदाचं बक्षीस कारखान्यातल्या पगाराशी ताडून बघावं लागतं, यातच या खेळाचं अर्थकारण कळून चुकतं.

मोठा पैसा लावून कुणी बघितलं नाही का?

बघितलं की, तेही अनेकदा.

पहिला प्रयोग १९६१ चा. तेव्हा बोलिंगच्या कंपन्यांचे शेअर आकाशाला भिडले होते आणि नॅशनल बोलिंग लीग नावाची शहरांच्या व्यावसायिक संघांची स्पर्धा सुरू झाली. तिच्यासाठी डॅलसमध्ये ब्रॉन्को बोल नावाचं मोठं प्रेक्षागार बांधलं. डॉन कार्टर यांच्यासारखे आघाडीचे खेळाडू त्यात आलेच नाहीत, टीव्हीचा करार झाला नाही आणि डेट्रॉइटचा संघ जिंकल्यावर एका हंगामातच लीग बंद पडली. ब्रॉन्को बोलचं सभागृह पुढे संगीताच्या कार्यक्रमांसाठी गाजलं.

दुसरा २००० चा. पीबीए कर्जात बुडाली होती, तेव्हा ख्रिस पीटर्स, रॉब ग्लेझर आणि माइक स्लेड या मायक्रोसॉफ्टमध्ये काम केलेल्या तिघांनी ती विकत घेतली. नायकेमधून स्टीव्ह मिलर यांना प्रमुख म्हणून आणलं. सामने ईएसपीएनवर गेले, खेळाडूंना मोठ्याने व्यक्त व्हायला सांगितलं, संगीत वाढलं. पूर्वी ना नफा तत्त्वावर चाललेली संघटना आता धंदा म्हणून चालू लागली. मी या तिघांवर टीका करणाऱ्यांपैकी नाही. त्यांनी हात घातला नसता तर कदाचित आज बोलायलाही पीबीए उरली नसती. पण त्यांनी टीव्हीवरची बाजू सजवली. गल्लीतल्या सेंटरमधली लीग तोवर आटतच राहिली.

तिसरा २०११ चा. टूर्नामेंट ऑफ चॅम्पियन्सची एकूण बक्षीस रक्कम दहा लाख डॉलर आणि विजेत्याला अडीच लाख. फिनलंडचे मिका कोइवुनिएमी जिंकले. उपांत्य सामन्यात त्यांनी २९९ टाकले, समोर टॉम डॉअर्टी १०० वर. टीव्हीवरच्या सामन्यातला हा सर्वांत मोठा फरक. गंमत म्हणजे लोकांना बक्षिसाची रक्कम आठवत नाही, हे दोन आकडे आठवतात.

सध्या पीबीएचा मालक कोण? आणि त्याने काय फरक पडतो?

२०१९ मध्ये बोलेरो कॉर्पोरेशनने पीबीए विकत घेतली. ही जगातली सर्वांत मोठी बोलिंग सेंटरांची साखळी; २०२१ च्या अखेरीस न्यूयॉर्क शेअर बाजारात तिची नोंदणी झाली आणि २०२४ च्या डिसेंबरात तिने लकी स्ट्राइक एंटरटेनमेंट हे नाव घेतलं.

वरवर पाहता जोडी छान जुळते. ज्याच्याकडे लेन आहेत त्याच्याकडेच दौरा. पण अशा साखळीची कमाई कशावर आहे? वाढदिवस, ऑफिसच्या पार्ट्या, खाणंपिणं, आर्केडचे गेम. मंद दिवे, मोठं संगीत, आरामदार सोफे. लीगवाल्यांना यातलं काहीच नको असतं. त्यांना उजेड, नीट तेल घातलेली लेन आणि ठरलेली वेळ हवी असते. ज्या कंपनीचा नफा लीगच्या वेळेत पार्टी घेण्यात आहे, तिच्याच हातात लीगमधून वर येणाऱ्या खेळाचं भवितव्य, हा पेच कागदावर कितीही रंगवला तरी सुटत नाही.

मला यात कट वगैरे दिसत नाही. शेअर बाजारात नोंदलेली कंपनी तिमाहीचा हिशोब बघणारच. म्हणूनच लीग जगवण्याची जबाबदारी तिच्यावर सोडू नये, एवढंच म्हणणं.

टीव्हीवर बोलिंग इतकं कंटाळवाणं का वाटतं? सारखे स्ट्राइकच तर पडतात.

कारण खेळातली सर्वांत अवघड गोष्ट दिसतच नाही. लेनवर तेलाचा थर असतो, साधारण ३५ ते ४५ फुटांपर्यंत. तेलावर बॉल घसरतो, कोरड्यावर पकड घेऊन वळतो. रोजच्या सेंटरमध्ये तेल मधोमध भरपूर आणि कडेला अगदी कमी टाकतात. बॉल चुकून बाहेर गेला तर कोरड्या भागावर पकड घेऊन आत येतो, आत राहिला तर तेलावर घसरत सरळ जातो. थोडक्यात, चूक पोटात घालणारी लेन. स्पर्धेत मात्र तेल रुंदीभर जवळपास सारखं पसरलेलं असतं; तिथे दोन पट्ट्या इकडेतिकडे झाल्या की स्प्लिट, म्हणजे मधे जागा सोडून उरलेल्या पिना, उभा राहतो. सेंटरवर २१५ ची सरासरी मिरवणारा माणूस त्या लेनवर १८० वर यायला वेळ लागत नाही. पीबीएने या तेलाच्या नकाशांना चीता, व्हायपर, स्कॉर्पियन, शार्क अशी नावं दिली आहेत.

शिवाय प्रत्येक बॉल थोडं तेल उचलतो आणि पुढे ओढतो. सामना सुरू असताना लेन बदलत जाते. चौथ्या फ्रेममध्ये (गेमच्या दहा पाळ्यांपैकी चौथीत) जिथून स्ट्राइक पडला तिथूनच आठव्यात टाकलेला बॉल डोक्याच्या पिनला पार करून जातो. खेळाडू उभं राहण्याची जागा बदलतो, बॉल बदलतो, मनगट बदलतो, आणि घरी बसलेल्याला वाटतं, हा उगाच वेळ काढतोय.

क्रिकेटमध्ये खेळपट्टी दाखवतात, तिच्यावर दहा मिनिटं चर्चा होते. फिरकी खेळपट्टी म्हणजे काय हे आपल्याला शेजारचा काकाही समजावतो. बोलिंगने आपली खेळपट्टी पारदर्शक ठेवली, हीच मोठी चूक. काही स्पर्धांत पीबीएने तेलाला निळा रंग देऊन बघितला. बॉल तेल कुठे ओढून नेतो ते डोळ्यांना दिसू लागलं. अलीकडे वेग, फेरे आणि मार्ग दाखवणारी ग्राफिक्सही येतात. मला विचाराल तर निळं तेल प्रत्येक प्रक्षेपणात सक्तीचं करावं. संगीत आणि धूर नसला तरी चालेल.

गुणमोजणी सोपी केली तर?

जागतिक संघटनेने एक सोपी पद्धत वापरून बघितली: प्रत्येक स्ट्राइकला सरळ ३० गुण, जुन्या पद्धतीसारखी पुढच्या दोन बॉलचे गुण मिळवण्याची वाट बघायची नाही. नवख्याला पटकन कळते हे खरं. पण जुन्या पद्धतीत सलग स्ट्राइकचं मोल वाढत जातं आणि शेवटच्या फ्रेमपर्यंत पारडं फिरू शकतं. तोच तर थरार. सेंटरमध्ये हिशोब संगणकच करतो, त्यामुळे गुण मोजता येत नाहीत म्हणून कुणी खेळ सोडला असेल असं वाटत नाही.

प्रेक्षकांचा आरडाओरडा खेळाला शोभतो का?

शोभतो की नाही ते बाजूला ठेवा, उपयोग होतो. मेन राज्यातल्या पोर्टलंडमध्ये बेसाइड बोल नावाचं सेंटर आहे. तिथे पीबीएच्या सांघिक स्पर्धेचे, म्हणजे इलायस कपचे सामने झाले आणि लोकांनी ढोल, फलक, घोषणा आणि बिअरसकट असा काही दंगा केला की टीव्हीवर बघणाऱ्यालाही तिथे असावंसं वाटलं. लक्षात घ्या, हे लोक भाड्याने आणलेले नव्हते. त्यातले बरेच जण त्याच सेंटरच्या लीगचे खेळाडू. पुन्हा तीच गोष्ट.

ब्रिटनमध्ये बॅरी हर्न यांच्या मॅचरूम कंपनीने डार्ट्सला पबमधून उचलून मोठ्या सभागृहात नेलं. त्याच कंपनीने २००० मध्ये युरोप विरुद्ध अमेरिका असा वेबर कप सुरू केला. जुने नामांकित बोलर डिक वेबर यांचं नाव, संघाचे रंग, आणि गर्दीच्या मधोमध लेन. गोल्फच्या रायडर कपवरून उचललेली कल्पना आहे, पण चालते.

आणि डिक यांचे चिरंजीव पीट वेबर? २०१२ मध्ये पाचवं यूएस ओपन जिंकल्यावर त्यांनी आनंदाच्या भरात जे काही ओरडून सांगितलं त्याला व्याकरण नव्हतं, अर्थही नव्हता, पण बोलिंग कधीही न बघितलेल्या कोट्यवधी लोकांनी ती काही सेकंदांची फीत बघितली. जुन्या जाणत्यांना ते आवडलं नाही. मला आवडलं. तरी एक सावधगिरी: फीत बघणारे आणि सामना बघणारे यांच्यात अंतर आहे, आणि ते भरून काढायला कुणीतरी दुसऱ्या दिवशी त्या माणसाला जवळच्या सेंटरवर न्यावं लागतं.

दोन हातांनी टाकणं म्हणजे लबाडी नाही का?

नियमात बसतं, त्यामुळे लबाडीचा प्रश्नच नाही. ऑस्ट्रेलियाचे जेसन बेलमॉन्टे लहानपणी बॉल जड म्हणून दोन हातांनी टाकू लागले आणि मोठेपणीही तसेच टाकत राहिले. आज त्यांच्या नावावर १५ मेजर, म्हणजे सर्वांत मानाच्या स्पर्धांची, विजेतेपदं आहेत, दुसऱ्या कुणाहीपेक्षा जास्त. बॉलला मिळणारी फिरक डोळ्यांना दिसते, आवाज वेगळा येतो, मुलांना भुरळ पडते. लहान मूल जड बॉल आपोआप दोन हातांनीच ढकलतं. आता प्रशिक्षक त्याला थांबवत नाही. नवे खेळाडू आणण्याच्या दृष्टीने गेल्या वीस वर्षांत याहून चांगलं काही घडलेलं नाही.

महिलांच्या बोलिंगचं काय?

केली क्युलिक यांनी २०१० मध्ये टूर्नामेंट ऑफ चॅम्पियन्सच्या अंतिम सामन्यात ख्रिस बार्न्स यांना २६५-१९५ असं हरवलं. पुरुषांबरोबर खेळून पीबीए दौऱ्याचं विजेतेपद मिळवणारी पहिली महिला. नुसती जिंकली नाही, सत्तर पिनांनी जिंकली. आणि त्या वेळी महिलांचा स्वतःचा व्यावसायिक दौरा अस्तित्वातच नव्हता. २००३ मध्ये पैशाअभावी बंद पडलेला पीडब्ल्यूबीए दौरा थेट २०१५ मध्ये परत सुरू झाला. तोही जाहिरातदाराने नाही, यूएसबीसी आणि सेंटर मालकांची संघटना बीपीएए यांनी मिळून सुरू केला. म्हणजे खेळणाऱ्यांची वर्गणी आणि लेन चालवणाऱ्यांचा पैसा. हा नमुना पुरुषांच्या दौऱ्यानेही नीट बघावा.

मग पैसा यायचा कुठून? ठोस सांगा.

तीन ठिकाणं सांगतो. चौथं, म्हणजे सट्टा, मुद्दाम शेवटी.

पहिलं म्हणजे खेळणारेच. दहा लाख सदस्यांनी वर्षाला एकेक डॉलर जास्त दिला तर दहा लाख डॉलर होतात. २०११ च्या त्या गाजलेल्या स्पर्धेचा पूर्ण बक्षीस निधी! तो जर प्रादेशिक स्पर्धांना दिला, जिथे लीगचा चांगला खेळाडू व्यावसायिकांविरुद्ध शनिवार-रविवारी खेळू शकतो, तर त्या डॉलरचं काय झालं हे सदस्याला आपल्याच गावात दिसेल. न दिसणाऱ्या निधीला कुणी दुसऱ्या वर्षी पैसे देत नाही, मग ती बोलिंगची संघटना असो की गणेशोत्सवाचं मंडळ.

दुसरं, यजमान शहरं. नेवाडातल्या रिनोने १९९५ मध्ये ७८ लेनचं नॅशनल बोलिंग स्टेडियम उभं केलं, फक्त स्पर्धांसाठी. कारण यूएसबीसीच्या खुल्या स्पर्धेला हजारो हौशी संघ आपापल्या खर्चाने येतात, महिनोनमहिने येत राहतात, हॉटेलात राहतात, जेवतात. तिथे प्रेक्षकांच्या तिकिटांवर काहीच अवलंबून नसतं. खेळाडू हाच ग्राहक. व्यावसायिक सामने अशा स्पर्धांना जोडून घेतले तर बसायला जाणकार प्रेक्षक आयता मिळतो आणि शहराकडे हात पसरायला कारणही मिळतं.

तिसरं, शाळा-कॉलेजं. अमेरिकेत महिलांच्या बोलिंगला एनसीएएने, म्हणजे कॉलेजांच्या खेळांच्या संघटनेने, राष्ट्रीय अजिंक्यपदाचा दर्जा दिला, २००४ मध्ये पहिली स्पर्धा झाली आणि नेब्रास्का जिंकलं. मिशिगन, ओहायोसारख्या राज्यांत हायस्कूलचे संघ आहेत. मुलांनी जिंकलेले पैसे शिष्यवृत्तीच्या खात्यात जमा होण्याची यूएसबीसीची जुनी व्यवस्था आहे. पालक ज्या खेळासाठी गाडी काढून दर शनिवारी पन्नास मैल जातात, त्या खेळाला स्थानिक दुकानदार हमखास जाहिरात देतो. राष्ट्रीय कंपनीच्या मागे पळण्याआधी हे दुकानदार गोळा करावेत.

सट्ट्याबद्दल: काही राज्यांत बोलिंगवर कायदेशीर पैज लावता येते आणि पैसा आहे हे उघड आहे. पण दोनच माणसं खेळतात, एक पिन मुद्दाम सोडणं कुणाला ओळखता येत नाही, आणि खालच्या फळीतले खेळाडू कडकीत असतात. या तीन गोष्टी एकत्र आल्या की काय होतं ते टेनिसने छोट्या स्पर्धांमध्ये भोगलं आहे. मी तरी यापासून लांबच राहीन.

दोरी बांधलेल्या पिनांनी खर्च कमी होतो म्हणतात. ते वाईट आहे का?

स्पर्धेसाठी वाईट, सेंटर जगण्यासाठी चांगलं. प्रत्येक पिनला वरून दोरी असते, यंत्र ती खेचून परत उभी करतं. वीज कमी, सुटे भाग कमी, मेकॅनिक हाताशी नसला तरी चालतं. पण पिना मोकळ्या उडत नाहीत, एकमेकींना वेगळ्या पाडतात आणि स्ट्राइकचं प्रमाण कमी होतं. यूएसबीसीने २०२३ मध्ये त्याला मान्यता दिली ती वेगळा प्रकार म्हणून, आणि तेच योग्य झालं. छोट्या गावातलं आठ लेनचं सेंटर दोरीमुळे चालू राहत असेल तर राहू द्यावं. लीग नसण्यापेक्षा दोरीवरची लीग बरी.

ऑलिंपिकमध्ये गेलं तर सगळं बदलेल ना?

१९८८ च्या सोलमध्ये प्रदर्शनीय खेळ म्हणून झालं. टोकियो २०२० साठी निवडलेल्या आठ खेळांच्या यादीत होतं, अंतिम पाचांत नव्हतं. लॉस एंजेलिस २०२८ ला क्रिकेट आलं, बोलिंग नाही, तेही खुद्द अमेरिकेत. आशियाई स्पर्धेत १९७८ ला बँकॉकमध्ये प्रवेश झाला, १९८२ च्या दिल्लीत नव्हतं, २०१८ ला जकार्ता-पालेमबांगमध्ये होतं, हांगझोऊत पुन्हा वगळलं. या वाटेवर डोळे लावून बसण्यात अर्थ नाही. सरकारी अनुदान मिळवायला मात्र अशा स्पर्धा लागतात, हे भारतासारख्या देशांचं दुखणं आहे.

आपल्याकडे, महाराष्ट्रात?

मुंबईकरांना लोअर परळच्या फिनिक्स मिलमधलं ‘द बोलिंग कंपनी’ आठवत असेल. नंतर मॉलबरोबर लेन आल्या आणि काही मॉलबरोबर गेल्या. देशातल्या स्पर्धांमध्ये कर्नाटक आणि तमिळनाडूचे खेळाडू जास्त पुढे दिसतात. आपल्याकडे लेन मनोरंजनाच्या दुकानात असतात. सरावाचा दर गेममागे मोजावा लागतो आणि तेलाची निगा पार्टीच्या गर्दीपुरती. पुण्या-मुंबईत एखाद्या सेंटरने मंगळवारची संध्याकाळ आयटी कंपन्यांच्या लीगसाठी ठरलेल्या दरात द्यावी. वारंवार खेळणारे चाळीस लोक जमले तरी सुरुवात होईल. त्या दिवशी लेन नाहीतरी रिकाम्याच असतात.

पहिल्यांदा सामना बघायचा तर काय बघू?

स्ट्राइक बघू नका, स्पेअर बघा, म्हणजे उरलेल्या पिना दुसऱ्या बॉलने पाडणं. यूट्यूबवर जुने सामने आहेत. २०२१ च्या यूएस ओपनमधला अँथनी न्यूअर यांचा ७-१० स्प्लिट शोधा: मागच्या ओळीतल्या दोन टोकांच्या पिना, मधे सगळं रिकामं. टीव्हीवर हा स्प्लिट पहिल्यांदा पाडला मार्क रॉथ यांनी, १९८० मध्ये. मग १९९१ मध्ये दोघांनी. आणि त्यानंतर तीस वर्षांनी या अठरा वर्षांच्या पोराने. फीत तिथेच थांबवू नका, पूर्ण सामना बघा. तो सामना न्यूअर हरले.